दुरुस्ती करावी आणि करून घ्यावी

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत अलीकडे एका उद्योगाविषयीं बरेंच औत्सुक्य दिसूं लागलें आहे. सर्वांच्या उपयोगासाठीं खुलें ठेविलेलें जें संगणकाचें सॉफ्टवेअर, ज्यास ‘ओपन सोर्स’ असें म्हणतात, त्यांत आपल्या हातची एखादी दुरुस्ती पाठवावयाची, आणि ती स्वीकारली गेली म्हणजे आपलें नांव त्या कामाच्या नोंदींत दाखल व्हावयाचें, असा हा उद्योग आहे. कित्येक पालक यास निव्वळ कालापव्यय समजतात. दुसरे कित्येक पालक यांत पुढील प्रवेशाचें व नोकरीचें साधन पाहतात, आणि मुलाच्या नांवावर अशा दुरुस्त्या किती जमल्या याचा हिशेब ठेवितात. आमच्या अल्प मतीप्रमाणें हे दोन्ही पक्ष चुकत आहेत. आपलें काम परक्या पण जाणत्या माणसाच्या हातीं उघडपणें तपासावयास देणें व त्यानें दाखविलेली चूक राग न धरतां सुधारणें, हें शिक्षण या उद्योगांत जसें मिळतें तसें तें शाळेच्या चार भिंतींत आम्हां शिक्षकांस देतां येत नाहीं. म्हणून तो मुलांनीं अवश्य करावा. परंतु ज्या दिवशीं आपण दुरुस्त्यांची संख्या मोजूं लागतों त्या दिवशीं तें शिक्षण संपतें, हेंच येथें मांडावें असा आमचा हेतु आहे.

ज्यांस हा विषय अपरिचित आहे त्यांच्यासाठीं प्रथम थोडा खुलासा करणें अवश्य आहे. संगणकास कोणतेंही काम करावयास लावणाऱ्या ज्या आज्ञा, त्या माणसें एका विशिष्ट भाषेंत लिहितात. या लिखाणास ‘कोड’ म्हणतात. पुष्कळ कंपन्या आपला कोड कुलपांत ठेवितात. गिऱ्हाइकास त्याचा उपयोग करितां येतो, पण तो वाचतां येत नाहीं. मग सुधारण्याची गोष्ट दूरच राहिली. ही रीति मान्य नसलेल्या रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाचें कार्य जाहीर केलें, आणि १९८९ सालीं त्याचा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध केला. या परवान्याखालीं दिलेला कोड कोणींही वापरावा, वाचावा, बदलावा व दुसऱ्यास द्यावा. मात्र बदललेला कोड दुसऱ्यास देतांना त्यासही तेंच स्वातंत्र्य द्यावें, अशी त्यांत अट आहे.

पुढें १९९१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण संगणक चालविणारी एक नवी व्यवस्था केवळ हौसेखातर लिहीत आहों असें जाहीर केलें, व लोकांच्या सूचना मागितल्या. तीच आजची ‘लिनक्स’ होय. आपल्या घरांतील अँड्रॉइड फोनाच्या मुळाशीं तीच आहे. आणि जगांतील अत्यंत वेगवान अशा ५०० संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते तींतील प्रत्येक संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आला आहे. एका विद्यार्थ्याच्या हौसेचें काम येथवर पोहोंचलें तें एकट्या त्याच्या बुद्धीनें नव्हे. लिनक्सची नवी आवृत्ति दर नऊ-दहा आठवड्यांनीं निघते, आणि अलीकडच्या एकेका आवृत्तींत सुमारें २,००० माणसांचा हात लागलेला असतो. आपल्या मंडळ्यांत वाचलें जाणारें मराठी पवित्र शास्त्र ज्याप्रमाणें एका हाताचें काम नाहीं, पिढ्यानुपिढ्या अनेक विद्वानांनीं एकमेकांचे शब्द पारखून तें सुधारीत आणिलें, त्याच जातीचें हें काम आहे.

आतां दुरुस्ती पाठवावयाची म्हणजे काय करावयाचें? प्रथम कोडाची एक प्रत आपल्या संगणकावर उतरून घ्यावयाची, दोष शोधावयाचा, आणि जेवढ्या ओळी बदलणें अवश्य तेवढ्याच बदलावयाच्या. मग ‘गिट’ नांवाचें साधन, जें याच टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं तयार केलें, तें जुन्या व नव्या प्रतींतील फरक काढून देतें: जी ओळ काढिली तिच्यापुढें वजाचें चिन्ह, जी घातली तिच्यापुढें अधिकाचें चिन्ह. या फरकाच्या कागदास ‘पॅच’ म्हणतात. पॅचबरोबर एक टिपण जोडावें लागतें, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत कठीण. त्याची पहिली ओळ थोडक्यांत काय केलें तें सांगते; खालीं दोष कोणता होता, तो कोणास कसा बाधत होता, आणि हाच उपाय कां योजिला, हें लिहावयाचें असतें. लिनक्सच्या मंडळींत असा दंडक आहे कीं एका पॅचांत एकच गोष्ट बदलावी. जातां जातां आणखी दोन ठिकाणीं हात मारूं नये. शिवाय २००४ सालापासून प्रत्येक पॅचखालीं पाठविणाऱ्यानें आपलें नांव घालून अशी ग्वाही द्यावी लागते कीं, हें काम माझें स्वतःचें आहे, किंवा तें देण्याचा मला अधिकार आहे. निबंधाच्या वहीखालीं अशी सही करावयास सांगितलें तर आमच्यापैकीं किती विद्यार्थी ती निःशंक मनानें करतील, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

पॅच गेला म्हणजे त्या विभागाचा जो रक्षक असतो तो, आणि दुसरे जाणते लोक, तो वाचतात. ते आपणांस ओळखीत नाहींत. आपण कोणत्या गांवचे, कोणत्या जातीचे, कोणाचे चिरंजीव, हें त्यांस ठाऊक नसतें व त्याची त्यांस पर्वाही नसते. ते विचारतात: ही ओळ येथें कां? संख्या शून्य आली तर काय होईल? हें नांव अर्थास धरून आहे काय? याची परीक्षा कशी घेतली? पॅच परत येतो, सुधारून पुन्हां पाठवावा लागतो, आणि असें दोनदां, तीनदां, कधीं दहादांही होतें. हें सर्व दहा लोकांच्या देखत चालतें आणि त्याची नोंद राहते.

आम्ही विद्यार्थ्यांचे पेपर तपासतों तेव्हां काय घडतें तें पालकांनीं आठवून पाहावें. मुलगा चुकला तर त्याचा गुण जातो, पण चूक जेथल्या तेथें राहते. पेपर हातीं आल्यावर तो एकूण गुणांचा आंकडा पाहतो, बेरीज पुन्हां करून पाहतो, आणि कागद घडी करून ठेवितो. तांबड्या शाईनें आम्हीं काय लिहिलें तें वाचणारे विरळा. ओपन सोर्सच्या कामांत याच्या अगदीं उलट आहे. तेथें गुण कोणीच देत नाहीं, पण चूक मात्र राहूं दिली जात नाहीं. शंभरांपैकीं नव्वद बरोबर असलेला पॅच तेथें उत्तीर्ण होत नाहीं. उरलेले दहा सुधारून आणावे लागतात. ज्या मुलास हुशार म्हणून घरीं व शाळेंत सदैव वाखाणिलें आहे त्यास हा अनुभव प्रथम कडू लागतो. परंतु आपलें काम निराळें व आपण निराळे, कामांतील दोष दाखविणारा हा आपला शत्रु नव्हे, हें सोळाव्या वर्षीं ज्यास कळलें त्याच्या पुढील आयुष्यांतील पुष्कळ दुःखें टळतील असें आम्हांस वाटतें.

इतकी कठोर तपासणी कशाकरितां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर २०१४ सालीं जगास मिळालें. ‘ओपनएसएसएल’ नांवाचा एक खुला कोड आहे. बँका, दुकानें, टपाल यांचा इंटरनेटवरील गुप्त व्यवहार फार मोठ्या प्रमाणावर त्यावर चालतो. त्यांत एक संगणक दुसऱ्यास ‘जागा आहेस काय?’ अशा अर्थाचा छोटा निरोप पाठवितो, निरोप किती अक्षरांचा आहे तें सांगतो, आणि दुसऱ्यानें तितकींच अक्षरें परत पाठवावयाचीं असतात. हा भाग २०११ च्या डिसेंबरअखेर एका दुरुस्तीबरोबर कोडांत आला. पण पाठविणाऱ्यानें सांगितलेली संख्या खरी आहे कीं नाहीं, हें पाहणारी एक कसोटी त्यांत घालावयाची राहून गेली. निरोप चार अक्षरांचा पाठवून तो हजारों अक्षरांचा आहे असें कोणीं खोटें सांगितलें, तर समोरचा संगणक बाकीचीं अक्षरें आपल्या स्मृतींतून काढून देई. मग त्यांत कोणाचा पासवर्ड असो वा गुप्त किल्ली असो. तपासणाऱ्याच्या नजरेंतूनही हें सुटलें. दोन वर्षांहून अधिक काळ हा दोष तसाच राहिला, आणि ७ एप्रिल २०१४ रोजीं ‘हार्टब्लीड’ या नांवानें तो जाहीर झाला, तेव्हां जगभर धांवपळ उडाली. त्यावरील उपाय थोड्याशाच ओळींचा होता. याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, ज्या कोडावर इतकीं राष्ट्रें विसंबून होतीं त्याचा सांभाळ तेव्हां बोटांवर मोजतां येतील इतकीं माणसें करीत होतीं, आणि लोकांकडून वर्गणी म्हणून त्यांस वर्षास सुमारें २,००० डॉलर मिळत. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनीं पैसा उभा केला खरा. पण तो नुकसान झाल्यावर.

यावरून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, या जगांत पैशाहूनही जर कशाची टंचाई असेल तर ती लक्षपूर्वक वाचणाऱ्या माणसाच्या वेळेची. आणि नेमका हाच वेळ आपल्या देशांतील कित्येक विद्यार्थ्यांनीं वायां घालविला आहे, हें सांगण्यास आम्हांस खेद होतो. २०२० सालच्या ऑक्टोबरांत ‘हॅक्टोबरफेस्ट’ नामक वार्षिक उपक्रमांत चार दुरुस्त्या पाठविणारास एक सदरा बक्षीस होता. तेव्हां त्या सदऱ्यासाठीं हजारों लोकांनीं कोठें एखादें विशेषण घाल, कोठें मथळा बदल, अशा निरर्थक दुरुस्त्यांचा वर्षाव केला. इतका कीं चालकांस उपक्रम चालू असतांनाच नियम बदलावे लागले. पुढें २०२४ सालीं ‘एक्स्प्रेस’ नामक सुप्रसिद्ध कोडाच्या माहितीपत्रकांत केवळ आपलें नांव लिहून तें स्वीकारावें अशी मागणी करणाऱ्या दुरुस्त्यांची रीघ लागली. शिकवणीच्या एका चित्रफितींत उदाहरण म्हणून दाखविलेली कृति आपल्याकडील विद्यार्थ्यांनीं जशीच्या तशी केली होती. आतां यांत यंत्रानें लिहिलेल्या मजकुराची भर पडली आहे. ‘कर्ल’ या कोडाचे प्रमुख स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनीं २०२४ च्या आरंभींच उघड तक्रार केली कीं, कृत्रिम बुद्धीकडून लिहवून घेतलेले, दिसावयास सुबक पण आंत पोकळ असे दोषांचे अहवाल लोक पाठवितात, आणि ते खोटे आहेत हें ठरविण्यांतच आपला दिवस जातो.

या मुलांस सर्वस्वी दोष देणें न्याय्य होणार नाहीं. त्यांस कोणीं सांगितलें कीं संख्या वाढव? ज्या घरांत प्रमाणपत्रांची चळत कपाटांत रचली जाते, आणि ज्या शाळेंत उपक्रम किती केले एवढेंच विचारलें जातें, त्या घरानें व त्या शाळेनेंच त्यांस हा धडा दिला. शुभवर्तमानांतील त्या गरीब विधवेचें दान आम्हांस येथें आठवतें. पेटींतील रक्कम मोजणाऱ्याच्या हिशेबीं तें जवळजवळ नव्हतेंच.

याहूनही गंभीर असा एक प्रकार २०२४ सालीं उघडकीस आला. फाइली दाबून लहान करणारा ‘एक्सझेड’ नांवाचा एक कोड आहे. त्याचा रक्षक एकटा, थकलेला मनुष्य होता. एका टोपणनांवाच्या इसमानें दोन वर्षांहून अधिक काळ त्यास चांगल्या दुरुस्त्या पाठवून विश्वास संपादन केला. इतर कांहीं नांवांनीं, काम हळू चालतें म्हणून, रक्षकावर दडपण आणिलें. आणि अखेर अधिकार हातीं येतांच त्या इसमानें कोडांत चोरदरवाजा बसविला. तो सांपडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकांत प्रवेश करितांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. दुसरा कोणी तिकडे दुर्लक्ष करता. त्यांनीं कारण शोधीत शोधीत मूळ गांठलें, आणि २९ मार्च २०२४ रोजीं जगास सावध केलें. पुष्कळ दुरुस्त्या पाठविणारा मनुष्य तेवढ्यानें सज्जन ठरत नाहीं, आणि एका अर्ध्या सेकंदाचीही ज्यास चाड आहे असा मनुष्य सहस्रांचें रक्षण करूं शकतो, असे दोन धडे या एकाच प्रकरणांत आहेत.

आतां पालकांच्या मुख्य आक्षेपाकडे वळूं. ते म्हणतात, ज्या कोडावर कंपन्या कोट्यवधि रुपये मिळवितात त्यासाठीं आमच्या मुलानें फुकट कां राबावें? आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. लिनक्सवर काम करणाऱ्यांपैकीं बहुतेक लोक आज कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. आणि जेथें पगार नाहीं तेथें ओपनएसएसएलसारखी दुर्दशा होते. म्हणून मुलानें आपलें शिक्षण बाजूस ठेवून रात्रीचा दिवस करावा असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. परंतु तोच मुलगा ज्या संगणकावर शिकतो, ज्या फोनावर आईशीं बोलतो, त्यांतील कितीतरी भाग अनोळखी लोकांनीं लिहून सर्वांस मोकळा ठेविला आहे. गांवच्या विहिरीचें पाणी सारेच पितात. गाळ काढावयाच्या दिवशीं मात्र मजुरी विचारून घरीं बसावें, हें शोभत नाहीं. आठवड्यांतून एक दोन तास, अभ्यास संभाळून, एवढेंच आमचें मागणें आहे.

कित्येक विद्यार्थी म्हणतील, आम्हांस एवढें मोठें काम कोठें येतें? त्यांस आम्ही सांगतों कीं, कांहीं कामें तुमच्यावांचून अडलीं आहेत. देवनागरी अक्षरें पडद्यावर जोडून दाखविण्याचें काम ‘हार्फबझ’ नांवाचा खुला कोड करितो, आणि फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड हे सर्व त्याचा उपयोग करितात. मराठींतील ‘ल’ व ‘श’ यांचें वळण हिंदीहून निराळें आहे. ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्धा ‘र’ हाही आमचा विशेष आहे. हीं वळणें एखाद्या ठिकाणीं चुकलीं तर तें बर्लिनच्या वा टोकियोच्या अभियंत्यास कसें दिसावें? तें मराठी वाचणाऱ्यासच दिसेल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनीं केलेला ‘मुक्त’ हा देवनागरी टंक सर्वांस खुला आहे, आणि तो ज्या परवान्याखालीं दिला आहे तो ‘एस. आय. एल.’ या ख्रिस्ती भाषाभ्यासक संस्थेनें तयार केलेला आहे, हें आमच्या वाचकांस कळल्यास समाधान वाटेल. दोष नक्की केव्हां दिसतो तें पायरीपायरीनें लिहून कळविणें, सूचनांचें मराठी भाषांतर सुधारणें, माहितीपत्रकांतील खरोखर चुकलेली पायरी बरोबर करणें, हीं पहिलीं कामें होत. इंग्रजी साधें व लहान वाक्यांचें असलें तरी चालतें. खरें असावें लागतें. गूगलनें २०१० पासून २०१९ पर्यंत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीं अशाच कामांची एक वार्षिक स्पर्धा चालविली होती, तेव्हां हें वय लहान आहे असें कोणीं समजूं नये.

पालकांस दोन व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. गिटच्या नोंदींत नांव व ई-मेलचा पत्ता कायम राहतो व तो सर्वांस दिसतो. म्हणून मुलानें या कामासाठीं निराळा पत्ता घ्यावा, घरचा ठावठिकाणा व फोनाचा क्रमांक कोठेंही देऊं नये, आणि तेरा वर्षांखालील मुलानें गिटहबसारख्या ठिकाणीं खातें उघडूं नये, कारण तेथील नियमच तसा आहे. दुसरी सूचना अशी कीं, ‘किती झाल्या?’ हा प्रश्न घरांत विचारूं नये. ‘कोणता दोष होता? तो कोणास त्रास देत होता? तपासणारानें तुला काय सांगितलें?’ हे प्रश्न विचारावे. मुलगा या प्रश्नांचीं उत्तरें देऊं शकला तर एकच दुरुस्ती पुरे आहे. न देऊं शकला तर शंभरांचाही उपयोग नाहीं. आणि यंत्राकडून लिहवून घेतलेली, स्वतःस न समजलेली ओळ आपल्या नांवानें पाठविणें ही खोटी सही आहे, हें त्यास स्पष्ट सांगावें.

शाळांकडेही आमचें एक मागणें आहे. या कामास गुण देऊं नयेत, पदक ठेवूं नये, व नांवांची यादी फळ्यावर लावूं नये. त्याऐवजीं वर्षांतून एकदां वरच्या वर्गांतील मुलांनीं आपला परत आलेला पॅच, त्यावरील टीका व शेवटची सुधारलेली प्रत, अशीं तिन्ही खालच्या वर्गांतील मुलांस वाचून दाखवावीं. मोठ्या मुलांची चूक व तिची दुरुस्ती लहान मुलांनीं पाहिली म्हणजे चुकण्याची लाज त्यांस वाटेनाशी होईल, आणि चूक तशीच ठेवण्याची वाटूं लागेल. पालकांनीं या गोष्टीचा विचार करावा, अशी आमची त्यांस नम्र विनंति आहे.